माथ्यावरील भार

१९७२ साली म्युनिक येथे ऑलिम्पिक सामने भरले असता भारोत्तोलनाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने एक ठराव मंजूर केला, आणि १९२८ पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये या खेळाचे पहिले अंग म्हणून चालत आलेला, छातीपासून माथ्यावर केवळ बाहुबलाने भार नेण्याचा 'प्रेस' हा प्रकार त्या ठरावान्वये स्पर्धेतून कायमचा बाद झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद डॉ. चार्ल्स नीर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, आणि हात वर नेताना खांद्याच्या माथ्यावरील हाड व त्याच्या खालून जाणारी कंडरा यांचे घर्षण होऊन खांदा दुखावतो, असे त्यात प्रतिपादन केले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. क्रीडाधिकाऱ्यांनी निबंध वाचून ठराव केला नाही, आणि डॉक्टरांनी मल्लांसाठी निबंध लिहिला नाही. परंतु डोक्यावर वजन उचलण्याविषयी जी धास्ती गेल्या पन्नास वर्षांत व्यायामशाळेत जाणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात रुजली, तिची दोन मुळे मला याच सालात सापडतात. ही धास्ती कितपत साधार आहे आणि खांद्यासाठी व्यायाम निवडताना तिला किती मान द्यावा, हे ठरवण्यापूर्वी त्या व्यायामाची पूर्वपीठिका पाहणे अगत्याचे आहे. कारण माझ्या मते या व्यायामाला जो बट्टा लागला तो भाराने लावलेला नसून, शिस्तीचा अंमल ढिला पडल्यामुळे लागलेला आहे.

आपल्या मुलखात खांद्याच्या मेहनतीचे मुख्य साधन म्हणजे मुद्गलांची जोडी आणि अंगावर खाचा असलेला लाकडी करेला. इराणच्या झुरखान्यांत फिरवले जाणारे मील आणि काशीच्या आखाड्यांतील वजनदार जोडी ही याच कुळातील साधने होत. त्यांपैकी कोणी कोणापासून काय घेतले याचा निवाडा करण्यापेक्षा, पश्चिम आशियापासून दक्षिणेपर्यंत मल्लविद्येच्या सर्व घराण्यांनी खांद्यासाठी एकाच जातीची मेहनत निवडली ही गोष्ट मला अधिक विचारार्ह वाटते. पेशवाईच्या उत्तरार्धात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले, मल्लखांबाच्या विद्येचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर, पुढे बडोद्यास जुम्मादादांची आणि त्यांच्यामागून प्रोफेसर माणिकराव यांची व्यायामशाळा, पुण्यातील चिंचेची तालीम, कोल्हापुरातील मोतीबाग आणि गंगावेश यांसारख्या तालमी, अशा वेगवेगळ्या आश्रयस्थानी ही विद्या वस्तादाकडून पठ्ठ्याकडे तोंडी आणि प्रत्यक्ष मेहनतीतून चालत आली. लेखी स्वरूपात तिचा एकत्र संग्रह करण्याचे मोठे श्रेय द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांना द्यावे लागते. त्यांनी १९३६ पासून बडोद्याहून दहा खंडांत सिद्ध केलेला 'व्यायामज्ञानकोश' हा मराठी भाषेचा असा ठेवा आहे, की त्याची धूळ आज फारसे कोणी झटकत नाही याचे मनापासून वाईट वाटते.

मुद्गलाचा हात नीट पाहिला तर त्यातील शहाणपण ध्यानात येते. मुद्गल प्रथम छातीसमोर उभा धरावयाचा, मग तो डोक्यावरून मागे सोडावयाचा, कोपर आकाशाकडे राहील आणि मुद्गलाचे डोके पाठीवरून लोलकाच्या गतीने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाईल अशा बेताने त्याला वळसा द्यावयाचा, आणि त्याच गतीच्या आधाराने तो पुन्हा खांद्यावरून पुढे आणावयाचा. या एका आवर्तनात बाहू वर जातो, बाहेरच्या अंगास वळतो, पुन्हा आत येतो. खांद्याचा फरा बरगड्यांवरून सरकत बाहूची सोबत करतो. आणि हे सर्व करताना पायाची बैठक व कंबर अचल ठेवावी लागते, कारण कंबर हलली की मुद्गलाचा तोल जातो आणि फिरवणाऱ्याला आपली चूक तत्क्षणी कळते. यात भाराला घाईने वर ढकलण्याचा प्रसंगच येत नाही. शिवाय नवशिक्याच्या हाती हलकी जोडी द्यावयाची, तिच्यावर हात साफ बसल्यावाचून जड जोडीला स्पर्श करू द्यावयाचा नाही, असा तालमीचा शिरस्ता होता, आणि पठ्ठ्याने केव्हा पुढे जावे याचा हुकूम वस्ताद देत असे. भार आणि अधिकार यांची ही जोड, माझ्या अल्पमतीप्रमाणे, त्या पद्धतीचा प्राण होती.

कंपनी सरकारच्या फौजेतील गोऱ्या अंमलदारांनी ही मेहनत आपल्या देशी शिपायांत पाहिली आणि ती सातासमुद्रापलीकडे नेली. १८३०च्या दशकात डोनाल्ड वॉकर या लेखकाने आपल्या व्यायामविषयक ग्रंथांतून इंग्रज वाचकांना मुद्गलांची ओळख करून दिली, आणि स्त्रियांसाठी त्याच साधनाची हलकी, शोभिवंत आवृत्तीही सुचवली. तेथून ती अटलांटिक ओलांडून गेली. सिम केहो नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लंडनमध्ये मुद्गल फिरवणाऱ्या प्रोफेसर हॅरिसनचे कौशल्य पाहिले, मायदेशी परतून मुद्गलांचा कारखाना काढला आणि १८६६ साली न्यूयॉर्क येथे त्या विषयावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदुस्थानी मुद्गल पुढे शाळांच्या कवायतीत, लष्करी छावण्यांत आणि अखेरीस ऑलिम्पिकमध्येही शिरला: १९०४ साली सेंट लुईस येथे आणि १९३२ साली लॉस एंजेलिस येथे मुद्गल फिरवण्याची स्पर्धा झाली. दुसऱ्या स्पर्धेतील विजेता जॉर्ज रॉथ हा त्या मंदीच्या काळात बेकार होता, आणि सुवर्णपदक स्वीकारल्यानंतर तो रस्त्यावरील वाहनांना हात करीत घरी परतला अशी हकीकत प्रसिद्ध आहे. त्यानंतर मात्र मुद्गलाला ऑलिम्पिकचे दार बंद झाले ते आजतागायत.

मुद्गल पश्चिमेकडे गेला त्याच मार्गाने उलट दिशेने डंबेल आणि बारबेल आपल्याकडे आले. यूजेन सँडो १९०४-०५च्या सुमारास हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा त्याचे नाव येथील सुशिक्षित तरुणांच्या तोंडी आधीच झाले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सँडोची साधने आणि पुस्तके मागवून कित्येक वर्षे त्याच्या पद्धतीने मेहनत केली, आणि त्या अनुभवानंतरच ते सूर्यनमस्काराकडे वळून त्याचे आजन्म प्रचारक झाले. बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी, १९३६ साली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच नगरात, त्याच दिवसांत, जोसेफ मांगर हा जर्मन मल्ल १३२.५ किलो भार माथ्यावर दाबून वर नेत होता.

आता त्या दाबण्याच्या प्रकाराकडे येतो, कारण कथेचा खरा पेच तेथे आहे. १८९६ साली अथेन्सला पहिले ऑलिम्पिक झाले तेव्हा भारोत्तोलनात एका हाताने आणि दोन हातांनी असे दोनच प्रकार होते, वजनी गट नव्हते, आणि नियमांचा तपशीलही अपुरा होता. पुढे कधी एका हाताचे, कधी दोन हातांचे, अशी प्रकारांची संख्या कमीजास्त होत राहिली. १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे एका हाताचे सर्व प्रकार काढून टाकून प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोन हातांचे तीन प्रकार कायम करण्यात आले. यांपैकी प्रेसचा कायदा कडक होता. भार खांद्यापाशी आणल्यावर पंचाची खूण होईपर्यंत निश्चल उभे राहावयाचे, आणि मग गुडघे न लववता, टाचा न उचलता, धड मागे न झुकवता तो वर न्यावयाचा. टाचा जुळवून सावधान उभ्या असलेल्या सैनिकाची ती ठेवण असल्यामुळे तिच्या कडक स्वरूपाला मिलिटरी प्रेस हे नाव पडले, आणि आजही व्यायामशाळांत ते ऐकू येते. जर्कमध्ये पायांच्या उसळीचे साहाय्य मिळते, प्रेसमध्ये ते वर्ज्य. साहजिकच एकाच मल्लाच्या या दोन प्रकारांतील आकड्यांत ठळक अंतर पडत असे. बर्लिनला मांगरने प्रेसमध्ये १३२.५ किलो उचलले आणि जर्कमध्ये १५५. वीस वर्षांनी मेलबर्नला अमेरिकेच्या पॉल अँडरसनने प्रेसमध्ये १६७.५ आणि जर्कमध्ये १८७.५ किलो उचलले. भार वाढला, परंतु अंतर विसाबावीस किलोंचे राहिले, याचा अर्थ असा की कायद्याचा मान तोपर्यंत बऱ्याच अंशी राखला जात होता.

आता म्युनिकचा दाखला पाहावा. सोव्हिएत संघाचा वासिली अलेक्सेयेव, जो १९७० साली तिन्ही प्रकारांत मिळून ६०० किलोंचा पल्ला ओलांडणारा जगातील पहिला मनुष्य ठरला होता, त्याने म्युनिकला प्रेसमध्ये २३५ किलो, स्नॅचमध्ये १७५ आणि जर्कमध्ये २३० किलो उचलले. ज्या प्रकारात पायांचे साहाय्य वर्ज्य त्यात पायांचे साहाय्य असलेल्या प्रकाराहून पाच किलो अधिक! अलेक्सेयेवच्या अलौकिक शक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण हे आकडे सांगतात की प्रेस या नावाखाली तोवर भलताच प्रकार होऊ लागला होता. खूण होताच कंबर पुढे लोटावयाची, धड धनुष्याकृती मागे वाकवावयाचे आणि त्या झटक्यात भार वर फेकावयाचा, अशी रीत रूढ झाली होती. अशा अवस्थेत उभा मल्ल जवळजवळ उताण्या मनुष्याप्रमाणे छातीच्या स्नायूंनी भार ढकलीत असे, आणि मणक्याच्या तळाशी सगळा ताण एकवटे. धड किती अंश झुकले म्हणजे गैर, हे डोळ्यांनी मोजणे पंचांना अशक्य झाले. एका देशाच्या मल्लाला जी सूट मिळे ती दुसऱ्याला नाकारली जाई. तंट्यांना अंत राहिला नाही. एकदा सैल सोडलेला कायदा पुन्हा आवळण्याचे धैर्य महासंघाला झाले नाही, आणि त्याने तो प्रकारच नाहीसा करण्याचा मार्ग पत्करला. आकड्याच्या हव्यासापायी पंच, शिक्षक आणि मल्ल या तिघांनी मिळून एका निर्दोष व्यायामाचा बळी दिला, असे मी दुःखाने म्हणतो.

याचे परिणाम स्पर्धेच्या मांडवाबाहेर दूरवर पोचले. त्याच १९७२ साली पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, आणि बाकावर उताणे पडून भार ढकलण्याचा बेंच प्रेस हा बाहुबलाचा नवा मानदंड होऊन बसला. छातीची मेहनत दामदुप्पट झाली. पाठीचा वरचा भाग आणि फरा फिरवणारे स्नायू मागे राहिले. खांदे पुढे ओढलेले अशी एक नवी शरीरयष्टी व्यायामशाळांतून दिसू लागली. ज्यांनी डोक्यावर भार नेणे चालू ठेवले त्यांच्यापैकी अनेकांनी शरीरसौष्ठवाच्या मासिकांतून रूढ झालेले दोन प्रकार जवळ केले: दांडा मानेमागून वर दाबणे, आणि दांडा अंगालगत हनुवटीपर्यंत उभा ओढणे. दोन्ही प्रकारांनी कित्येकांचे खांदे भरदारही झाले. परंतु ज्यांचे खांदे कुरकुरू लागले त्यांच्या तक्रारींत या दोहोंचा उल्लेख वारंवार यावा, याला शरीररचनेत सबळ कारण आहे.

ते कारण समजण्यास खांद्याची घडण ध्यानी घ्यावी लागते. लहान बशीवर मोठा नारळ टेकवावा तसे बाहूच्या हाडाचे डोके फऱ्याच्या उथळ खळगीवर टेकलेले असते, आणि चार लहान स्नायूंच्या वेढ्याने, ज्याला रोटेटर कफ म्हणतात, ते तेथे धरून ठेवलेले असते. हात पूर्ण वर जातो तेव्हा त्याच्या सुमारे १८० अंशांच्या प्रवासापैकी १२० अंश या सांध्यात आणि ६० अंश फऱ्याच्या फिरण्याने पुरे होतात. बोस्टनचे डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली आपल्या ग्रंथात या सहगतीची लय वर्णन केली होती, आणि १९४४ साली इनमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे हे प्रमाण मोजून दाखवले. फरा फिरला नाही, किंवा पाठीचा वरचा भाग बाक येऊन जखडला असला, तर उरलेला प्रवास सांध्याला किंवा कंबरेला भरून काढावा लागतो. मानेमागून दाबताना बाहू पाठीमागच्या प्रतलात आणि बाहेरच्या अंगास वळण्याच्या अखेरच्या मर्यादेपर्यंत न्यावा लागतो, व ज्याची तेवढी लवचिकता नाही त्याच्या सांध्याचे पुढचे आवरण ताणले जाते. दांडा हनुवटीपर्यंत ओढताना उलट घडते: बाहू खांद्याच्या उंचीपर्यंत येतो आणि आतल्या अंगास वळतो, हॉकिन्स आणि केनेडी यांनी १९८० साली खांद्यातील कंडरेचा दाह ओळखण्यासाठी जी चाचणी सांगितली तिच्यात रोग्याचा हात बहुतांशी याच ठेवणीत आणतात. दुखऱ्या खांद्याचा शोध घेण्यासाठी वैद्याने वापरावयाची ठेवण निरोगी माणसाने भार घेऊन पुनःपुन्हा का करावी, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

डॉ. नीर यांच्या सिद्धान्ताची पुढील कथाही वाचकांना ठाऊक असावी. हाड कंडरेवर घासते म्हणून ते हाड छाटावे, हा उपचार त्या सिद्धान्तावरून पुढे जगभर लक्षावधी खांद्यांवर झाला. २०१८ साली ब्रिटन आणि फिनलंड येथील मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत काही रोग्यांचे हाड खरोखर छाटले होते आणि काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहून जखम बंद केली होती, आणि दोन्ही गटांच्या वेदनेत व हालचालीत वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाचा असा फरक आढळला नाही. हात वर नेणे म्हणजे कंडरा किसणे, ही जी समजूत पन्नास वर्षे व्यायामशाळांच्या भिंतींवर अलिखित फर्मानासारखी लटकत होती, तिचा पाया त्यामुळे पुष्कळच खचला. हल्लीचे वैद्य खांद्याच्या अशा जुनाट दुखण्यावर प्रथम शिस्तीने वाढत जाणारा व्यायामच सांगतात.

तेव्हा निवड कशी करावी? मुद्गल आणि कडक मिलिटरी प्रेस या दोन जुन्या प्रकारांना समोर ठेवून मी असे म्हणेन की ज्या व्यायामात फरा मोकळा फिरतो, बाहू अगदी आडव्या रेषेत न राहता सुमारे ३० अंश पुढे येतो, आणि कंबर मागे न झुकता भार माथ्याच्या सरळ वर स्थिरावतो, तो व्यायाम बहुतेक सर्व निरोगी माणसांना योग्य होय. उभ्याने दोन डंबेल वर दाबणे हे त्याचे सर्वांत सुलभ रूप. दोन्ही हात स्वतंत्र असल्यामुळे प्रत्येक खांदा आपला मार्ग आपण शोधतो. दांड्याने करावयाचे झाल्यास तो चेहऱ्यासमोरून न्यावा, आणि कपाळ ओलांडताच डोके किंचित पुढे आणून भार कानांच्या रेषेत घ्यावा. ज्याला पाठ भिंतीला टेकून, कंबरेचा बाक वाढू न देता, हात वर नेऊन भिंतीला लावता येत नाहीत, त्याने आधी ती मोकळीक मिळवावी. तोपर्यंत दांड्याचे एक टोक कोपऱ्यात जमिनीला खिळवून दुसरे टोक तिरपे वर दाबण्याचा प्रकार त्याच्यासाठी पुरेसा आहे. मानेमागून दाबण्याला मी सरसकट बंदी घालणार नाही, कारण लहानपणापासून ती लवचिकता राखलेले मल्ल तो प्रकार आयुष्यभर निर्वेध करीत आलेले आहेत. पण दिवसाचे आठ तास मेजावर वाकून काम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. जितकी आवर्तने पुढे दाबण्याची तितकी तरी मागे ओढण्याची ठेवावीत. वजन वाढवावयाचे ते मागच्या वजनावर शेवटचे आवर्तन पहिल्याइतके स्वच्छ झाले तरच, आणि तेही लहानात लहान चकतीने. आणि ज्याचा खांदा रात्री झोपमोड करण्याइतका दुखतो किंवा हात वर उचलताना एकाएकी बळ जाते, त्याने व्यायामाचा प्रकार बदलत बसण्याआधी वैद्याला दाखवावे.

व्यायामशाळांच्या चालकांना माझी आग्रहाची विनंती आहे. डंबेलांच्या रांगेशेजारी हलक्या मुद्गलांच्या दोन-चार जोड्या ठेवाव्यात, त्या फिरवण्याची रीत जाणणारा जुना वस्ताद गावात असेल तर त्याला आठवड्यातून एकदा मानाने बोलवावे, आणि नवख्या मुलाने माथ्यावर दांडा नेण्यापूर्वी त्याच्या हाती प्रथम ती जोडी द्यावी.